'काल अर्ज दिलाय' इंग्रजीत कसं सांगायचं? काळ निवडताना मराठी माणूस इथेच अडतो

इंग्रजीतले बारा काळ शाळेत तक्ता करून शिकवले जातात. रोजच्या बोलण्यात चार-पाचच लागतात. चुका होतात त्या तक्ता विसरल्याने नव्हे, तर मराठी वाक्य डोक्यात तसंच ठेवून त्यावर इंग्रजी शब्द बसवल्याने.

सगळ्यात नेहमीची गफलत 'हॅव'ची. 'मी काल अर्ज दिलाय' हे मराठीत बरोबर. म्हणून 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टर्डे' असं लिहिलं जातं आणि ते चुकतं. यस्टर्डे, लास्ट वीक, इन 2019 अशी संपून गेलेली वेळ वाक्यात आली की साधा भूतकाळच हवा: 'आय सबमिटेड द फॉर्म यस्टर्डे.' कधी दिला ते सांगायचं नसेल, अर्ज दिलाय एवढंच कळवायचं असेल, तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' एकदम ठीक.

नोकरीच्या मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हटलं की समोरचा समजतो, ही नोकरी सुटलेली आहे. अजून तिथेच असाल तर 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणायला हवं. 'पाच वर्षांपासून काम करतोय' यावरून केलेलं 'आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स' तर सर्रास ऐकू येतं. त्यात एक सोडून दोन चुका. काळ चुकलाच, शिवाय 'सिन्स'ही. किती वर्षं ते सांगताना 'फॉर', कधीपासून ते सांगताना 'सिन्स': सिन्स 2021. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं, गोंधळ तिथून सुरू होतो.

'आलोच!'ची गंमत वेगळी. माणूस अजून घरात चप्पल शोधत असतो आणि फोनवर 'आलो, आलो' चालू. सीमाभागातला कन्नड शेजारीही तसंच 'बंदे, बंदे' म्हणतो. इंग्रजीत मात्र 'आय केम' म्हणजे येऊन झालं. तिथे 'आय ॲम कमिंग' म्हणावं. तसंच 'उद्या पाठवतो'चं. शब्द द्यायचा असेल तर 'आय सेंड' नको, 'आय विल सेंड इट टुमॉरो' हवं.

राहिलं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. भाऊ असणं ही चालू क्रिया नव्हे, तिथे नुसतं 'आय हॅव'. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र चालतं, कारण तिथे 'हॅव'चा अर्थ जेवणं असा आहे.