ड्रॉप-अवे रेस्ट

कंपाउंड धनुष्यावर (पहा : धनुर्विद्या) बाण पेलणारा आणि बाण सुटताच खाली पडून त्याच्या पिसांना वाट मोकळी करून देणारा आधार. होलेस ॲलन या अमेरिकन संशोधकास १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. या धनुष्याच्या प्रसारानंतर हा आधार विकसित झाला. केबलचलित प्रकारात धनुष्य ताणताना खाली सरकणारी केबल तिला जोडलेल्या दोरीने आधार उचलते. भुजाचलित प्रकारात धनुष्याच्या ताणलेल्या भुजेमुळे तिला जोडलेली दोरी सैल पडून स्प्रिंग आधार उभा करते आणि बाण सोडताच पूर्ववत होणारी भुजा तो खाली खेचते. निवडीत धनुष्याची केबलरचना पाहावी लागतेच, परंतु आधाराच्या या दोरीची लांबी अचूक जुळवता येणे अधिक महत्त्वाचे, कारण आधार उशिरा पडल्यास पिसे घासून बाण भरकटतो. पिसांवर पावडर फवारून बाण सोडल्यास घर्षणाची जागा उघड दिसते. शिकारी धनुष्यांवर हा आधार विशेष रूढ आहे, तर लक्ष्यभेदाच्या स्पर्धांत पोलादी पात्याचा स्थिर आधारही (पहा : बाणाधार) वापरतात. साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी अशाच लक्ष्यभेदाच्या २०२३ मधील बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते.