व्हिएकेसच्या खाडीत काळोख आला कुठून?

समजा, तुम्ही कयाकमध्ये बसला आहात. दोघांची प्लास्टिकची होडी, हातात वल्हं, अंगात लाइफ जॅकेट. अमावास्येच्या आसपासची रात्र. पोर्तो रिकोच्या पूर्वेला व्हिएकेस नावाचं सुमारे ३४ किलोमीटर लांबीचं चिंचोळं बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मॉस्किटो बे या खाडीत तुम्ही आहात. चहूबाजूंनी कांदळवन, समुद्राकडे जाणारं तोंड अरुंद आणि वाकडं. वल्हं पाण्यात टाकलं की निळसर हिरवा उजेड उठतो आणि विझतो. हात बुडवून वर काढला तर बोटांवरून ठिणग्या ओघळतात. खालून एखादा मासा गेला तर त्याची रेघ दिसते.

अशा ठिकाणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय करावं? खरं सांगू, पहिली दहा मिनिटं नुसतं बघावं. मीही तेच केलं. मग सहलीचा गाईड (पीएचडीचा नव्हे!) बोलायला लागला आणि माझं लक्ष पाण्यावरून त्याच्या बोलण्याकडे गेलं. तासाभरात त्याने तीन गोष्टी सांगितल्या. जुन्या काळी स्पॅनिश लोकांना हा उजेड सैतानाचा वाटला, म्हणून त्यांनी दगड टाकून खाडीचं तोंड बुजवायला घेतलं. खाडीचं नाव कोफ्रेसी नावाच्या चाच्याच्या 'एल मॉस्किटो' या जहाजावरून पडलं. आणि तिसरी, जी त्याने दोनदा सांगितली: इथला निसर्ग माणसाचा हात न लागलेला आहे.

संशोधन पद्धतीच्या पेपरात 'स्रोतांची चिकित्सा' असा एक मुद्दा असतो. आपण तो अंतर्गत आणि बाह्य असे दोन प्रकार सांगून पाठ करतो, आणि परीक्षेनंतर विसरतो. तर मंडळी, आज तो मुद्दा या होडीत बसून करून बघू.

आधी उजेडाचं थोडक्यात. हा उजेड पायरोडिनियम बहामेन्स नावाच्या एकपेशीय प्लवकाचा. पाणी हललं की पेशीत ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज यांची रासायनिक क्रिया होते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी चमक निघते. दिवसा ही यंत्रणा जवळजवळ बंद असते. कोकणच्या किनाऱ्यावर कधीकधी निळ्या लाटांचे व्हिडिओ फिरतात, ते तुम्ही पाहिले असतील. तिथे सहसा नॉक्टिल्युका हा वेगळा जीव असतो, तो येतो आणि जातो. मॉस्किटो बेमधला मात्र वर्षभर मुक्कामाला असतो, म्हणून तर तिकीट काढून लोक येतात. आणि हो, नावाकडे बघा. 'बहामेन्स' म्हणजे बहामाचा. लुडविग प्लाटे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जिवाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते बहामातल्या नासाऊ इथल्या 'अग्नी तळ्या'तल्या नमुन्यांवरून, व्हिएकेसवरून नाही. आज जगातली सर्वांत तेजस्वी जीवदीप्त खाडी म्हणून गिनीज बुकात मॉस्किटो बेचं नाव आहे, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रवाशांच्या तोंडी नाव असायचं ते त्या तळ्याचं. प्रसिद्धीलाही इतिहास असतो.

आता सैतानाची गोष्ट. ती ऐकायला इतकी छान आहे की तिथेच संशय घ्यायला हवा. माझी पहिली अडचण भाषेची आहे. स्पॅनिशमध्ये समुद्राच्या अशा चमकण्याला 'अर्देंतिया' असा एक स्वतंत्र शब्द आहे, दर्यावर्दींच्या भाषेतला. एखाद्या गोष्टीला रोजच्या बोलण्यातला शब्द असतो तेव्हा ती गोष्ट लोकांच्या ओळखीची असते. भीती वाटतच नसेल असं मी म्हणत नाही, पण रात्री-रात्री जहाजावर काढणाऱ्या माणसाने चमकतं पाणी पहिल्यांदा पाहिलं आणि तो सैतान-सैतान करत दगड गोळा करायला धावला, हे पटायला जड जातं. दुसरी अडचण साध्या व्यवहाराची. दगड टाकले कोणी? स्पेनने व्हिएकेसवर हक्क सांगितला तो फार आधीपासून, पण बेटावर ऊसमळे आणि शहर अशी टिकाऊ वसाहत उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याआधी या कांदळवनाच्या तोंडाशी मजूर आणून दगड ओतायला कोणाला वेळ होता आणि का? गोष्टीत ना साल आहे, ना माणूस, ना गाव.

पण म्हणून ती फेकून देऊ नका. नवखे संशोधक इथेच चुकतात. दंतकथा खोटी ठरली की काम संपलं असं त्यांना वाटतं. उलट तिथून प्रश्न बदलतो: ही गोष्ट कोण सांगतं, कोणाला सांगतं, आणि ती सांगितल्याने कुठली दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते? हा शेवटचा प्रश्न लक्षात असू द्या.

चाच्याचं मी लवकर आटपतो. रोबेर्तो कोफ्रेसी हा खराखुरा माणूस. मार्च १८२५ मध्ये तो पकडला गेला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सान हुआनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. शेवटच्या लढाईत त्याच्याकडे जे जहाज होतं त्याचं नाव 'अ‍ॅन'. 'एल मॉस्किटो' हे नाव लोककथांतून चिकटलेलं. आणि कांदळवनाच्या खाडीला डासांचं नाव पडायला चाचा कशाला हवा? त्या किनाऱ्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की नावाचा उगम अंगावर उठतो.

राहिली तिसरी गोष्ट. ही सगळ्यांत निरुपद्रवी वाटते आणि सगळ्यांत जास्त खोटी आहे.

खाडीत बसून आकाशाकडे बघा. एकही दिवा नाही. डोंगरावर हॉटेल नाही, किनाऱ्यावर बंगले नाहीत. हा काळोख आपण निसर्गाचा धरून चालतो. आता शेजारी जाऊ. पोर्तो रिकोच्या मुख्य बेटावर, नैर्ऋत्येला, ला पारगेरा इथे अशीच एक खाडी आहे. जीव तोच, कांदळवन तसंच. तिथे वस्ती वाढली, मोटारबोटी वाढल्या, दिवे वाढले, आणि उजेड फिका पडल्याची तक्रार जुनी आहे. (दिवे प्लवकाला मारून टाकतात असं नाही, मुख्यतः ते त्याचा उजेड झाकतात. प्रदूषण आणि बोटींचा प्रश्न वेगळा. कारणं मोजताना ही सरमिसळ टाळायची.) मग मॉस्किटो बेच्या आजूबाजूला वस्ती का वाढली नाही?

उत्तर १९४० च्या दशकात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन नौदलाने व्हिएकेसची जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि १९४७ मध्ये आणखी घेतली. मिळून बेटाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग गेला. पश्चिमेला दारूगोळ्याची कोठारं झाली, पूर्वेला सरावाचं आणि बॉम्बफेकीचं मैदान. सगळी माणसं मधल्या पट्ट्यात कोंबली गेली. मॉस्किटो बे या मधल्या पट्ट्याच्या पूर्व कडेला येते, म्हणजे नौदलाच्या जमिनीला जवळजवळ लागून. पलीकडे साठ वर्षं ना हॉटेल उभं राहिलं ना गाव.

तुम्ही म्हणाल, म्हणजे नौदलाने खाडी वाचवली की! थांबा. हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी कागद बघायला हवेत, आणि कागदांत नेमकं कोण दिसतं तेही.

सेसार आयाला या इतिहासकाराने व्हिएकेसच्या १९४० आणि १९४५ च्या मालमत्ता कराच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून अभ्यास केला. त्यातून दिसलं की नौदल येण्याआधीच बेटावरची बहुतेक जमीन मोजक्या हातांत होती: साखर कंपनी आणि काही बडे मळेवाले. म्हणजे 'शेतकऱ्यांच्या जमिनी हिसकावल्या' हे जे सरसकट सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. ज्यांची घरं गेली त्यांतल्या बहुसंख्यांच्या नावावर जमीन नव्हतीच. त्यांना 'आग्रेगादो' म्हणत: मळ्यावर राबायचं आणि बदल्यात मळेवाल्याच्या जमिनीवर खोपटं बांधून, चार भाज्या लावून राहायचं. भरपाई मालकाला मिळाली. यांना नव्या वसाहतींत नुसता एक तुकडा दाखवला गेला, तोही मालकी हक्काशिवाय. घर रिकामं करायला एक दिवस मिळाला, अशा आठवणी बेटावर आजही सांगतात.

आपल्याकडचा सातबारा डोळ्यांसमोर आणा. नुसता मालकाचा रकाना वाचून गावाचा इतिहास लिहिला, तर कूळ आणि शेतमजूर गावात नव्हतेच असं वाटेल. व्हिएकेसच्या कर-नोंदींचं तेच आहे. आयालाचं काम मोठं यासाठी की त्याने नोंदींचा उपयोग केला आणि त्या कुठे गप्प बसतात तेही दाखवलं. ती गप्प जागा भरायला मग कॅथरीन मॅकाफ्री यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांचं काम लागतं, ज्या बेटावर राहून लोकांशी बोलल्या. कागद आणि तोंडी आठवण यांत श्रेष्ठ कोण, हा वाद परीक्षेपुरता ठीक आहे. प्रत्यक्षात एकाचं भोक दुसऱ्याने बुजवायचं असतं, आणि बुजवताना शिवण दिसू द्यायची असते.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. १९ एप्रिल १९९९ ला सरावात चुकलेल्या बॉम्बने दाविद सानेस हा तळावरचा स्थानिक सुरक्षारक्षक ठार झाला. लोक बॉम्बफेकीच्या मैदानात जाऊन राहिले, वर्षभर तिथे तळ ठोकून बसले. १ मे २००३ ला नौदल निघून गेलं. जमीन मात्र लोकांना परत मिळाली नाही. तिचा मोठा भाग केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याकडे गेला आणि अभयारण्य झाला. आणि ज्या तुकड्यावर थेट बॉम्ब पडत होते, त्याला कायद्याने 'वन्य क्षेत्र' असा दर्जा मिळाला. न फुटलेला दारूगोळा आहे म्हणून तिथे माणसाला प्रवेश नाही. माणूस जात नाही म्हणून नकाशावर ते सगळ्यांत नैसर्गिक!

'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' या शब्दांना मी खोटं म्हणालो ते याचसाठी. तो काळोख माणसं हटवून तयार झालेला आहे. उजेडाची जीवशास्त्रीय कारणं आपल्या जागी आहेतच: अरुंद तोंडामुळे प्लवक बाहेर वाहून जात नाही, कांदळवनाची कुजलेली पानं पोषण देतात. त्यांशिवाय कितीही जमीन बळकावली असती तरी पाणी चमकलं नसतं. पण तो उजेड आज इतका स्पष्ट दिसतो यामागे १९४० च्या दशकातलं विस्थापनही आहे, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणतोय, सिद्धता नाही. सिद्ध करायचं तर नौदल येण्याआधी खाडीभोवती कोण राहत होतं, ऊस कुठपर्यंत होता, कांदळवन किती तोडलं जात होतं हे दाखवावं लागेल.

आणि एका कारणावर भाळायचं नाही, हे खाडीनेच शिकवलं. २०१४ च्या सुरुवातीला ती अचानक अंधारली. वाऱ्याचा दोष, होड्यांची गर्दी, रस्त्यावरून वाहून येणारी माती, सगळ्यांची नावं पुढे आली. एकावर शिक्का बसायच्या आत, काही महिन्यांनी, उजेड परत आला. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने कांदळवन झोडपलं आणि पुन्हा अंधार झाला. पुढच्या वर्षी उजेड परतला. दोन्ही वेळा अभयारण्य, नियम, शेजारची मोकळी जमीन सगळं तसंच होतं. म्हणजे माझा लाडका तर्क खाडी दिसते कशी ते सांगतो, ती चमकते का आणि विझते का ते सांगत नाही. आराखडा लिहिताना मला हे दोन प्रश्न वेगळे करायला सहा महिने लागले. तुम्ही पहिल्याच मसुद्यात करा.

सहल संपल्यावर चिखलातून व्हॅनकडे चालताना मी गाईडला विचारलं, तुझं घर कुठलं? तो म्हणाला, एस्पेरान्साचं. मग थोडं थांबून म्हणाला, आजीचं पश्चिमेला होतं, आता तिथे दारूगोळ्याच्या कोठारांचे टेकाड आहेत, गवत उगवलेले. मी म्हटलं, मग हे होडीत का नाही सांगत? तो हसला. लोक उजेड बघायला येतात, म्हणाला, आणि सैतानाची गोष्ट लहान मुलांनाही आवडते.

खोलीवर येऊन मी ते बोलणं शब्दन्‌शब्द वहीत उतरवलं, वर तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत बसल्यावर लक्षात आलं की त्याचं नाव विचारलं नव्हतं आणि हे लिहिलं तर चालेल का, तेही नाही. माझ्या प्रबंधातल्या विस्थापनाच्या प्रकरणात ती नोंद त्यामुळे वापरता आलेली नाही.