जखम भरणारे संदेश आणि जठराचा कर्करोग

जठरातला व्रण भरून यायचा तर तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात. त्यासाठी व्रणाभोवतीच्या पेशी ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींवर ‘व्हीईजीएफआर-२’ हा ग्राही असतो. प्रथिन त्याला चिकटले की संदेश एका रेणूकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. एरवी वर्षानुवर्षे शांत असलेल्या या पेशी मग विभागू लागतात, व्रणाच्या दिशेने सरकतात आणि त्यांची नवी नळी तयार होते. जठरातली कर्कगाठ हीच यंत्रणा राबवते, फक्त ती थांबवत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने एवढे आधी मनात पक्के करावे. पुढची बरीचशी गुंतागुंत त्यातूनच उलगडते.

नव्या रक्तवाहिन्यांवाचून गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, हा विचार ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. गाठ वाढली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. एरवी तयार होताच नष्ट होणारे ‘एचआयएफ-१ अल्फा’ हे प्रथिन अशा वेळी टिकून राहते आणि व्हीईजीएफचे जनुक चालू करते. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, याच्या उलगड्याला २०१९ चे नोबेल मिळाले.

जठरात मात्र ऑक्सिजन कमी पडण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि माझ्या मते या अवयवाचे वेगळेपण इथेच आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू तिथे वर्षानुवर्षे दाह धुमसत ठेवतो. दाहामुळे ‘कॉक्स-२’ हे विकर वाढते, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनते आणि तेही व्हीईजीएफ वाढवते. कॉक्स रोखणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी व्रण लवकर भरत नाही, त्याचे एक कारण याच साखळीत सापडते.

मग हा संदेश तोडला तर? व्हीईजीएफलाच पकडणारे बेव्हासिझुमॅब ‘अवागास्ट’ चाचणीत ७७४ रुग्णांवर तपासले गेले. औषध मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने भरले, न मिळालेल्यांचे १०.१, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ग्राही अडवणाऱ्या रामुसिरुमॅबने, पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीने, ‘रेनबो’ चाचणीत ६६५ रुग्णांमध्ये ७.४ ऐवजी ९.६ महिने दिले आणि हा फरक कसोटीला उतरला. यावरून ग्राही अडवणेच श्रेष्ठ, असे म्हणण्याची घाई करू नये. पहिली चाचणी उपचाराच्या सुरुवातीची होती, दुसरी आधीचे उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांची. जोडीची औषधेही वेगळी होती. शिवाय या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो, जखमा भरायला उशीर लागतो, क्वचित आतड्याला छिद्रही पडते. संदेश एकच असल्याची ही किंमत आहे.

रुग्णाच्या घरी दोन महिने थोडे नसतात, म्हणून या आकड्यांकडे मी आदराने पाहतो. पण ते कोणाला मिळतील, हे उपचाराआधी खात्रीने सांगणारी चाचणी अजून आपल्या हाती नाही. ती शोधायला या क्षेत्राला नवे अभ्यासक हवे आहेत.