शून्याची मागणी आणि शेषविधी

वाडी, रावपुरा, दांडिया बाजार अशा मराठी वस्तीच्या पेठा ज्या वडोदऱ्यात गायकवाडांच्या राजवटीत नांदल्या, तेथूनच ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाले’त १९३७ मध्ये श्रीपतीचे ‘गणिततिलक’ हीरालाल रसिकदास कापडिया यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. अकराव्या शतकातील हा गणिती रोहिणीखंडचा, म्हणजे सामान्यतः मानले जाते त्याप्रमाणे बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचा, आणि त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

‘लीलावती’तील शून्यपरिकर्म, म्हणजे शून्याशी करावयाच्या गणितक्रियांचे प्रकरण, आजच्या संगणकशास्त्रातील एका अडचणीच्या फार जवळ जाते. शून्याने गुणले की फळ शून्य, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितले होते. परंतु भास्कराचार्यांनी त्याला शेषविधीची, म्हणजे पुढे उरलेल्या क्रियेची, अट जोडली. पुढे काही करावयाचे उरले असेल तर ती राशी शून्यात विरघळू न देता ‘खगुण’, म्हणजे शून्याने गुणलेली, म्हणून तशीच जपून ठेवावी, आणि नंतर शून्यानेच भागण्याची वेळ आली तर मूळ राशी अविकृत समजावी. त्यांच्या उदाहरणात एका संख्येला शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागले असता ६३ येतात. राशी जपली म्हणूनच उत्तर १४ निघते. आजचे बीजगणित शून्याने भागू देत नाही हे खरे, तरीही रिकामेपणाची ओळख केव्हा पुसावी आणि केव्हा राखावी हा त्यांनी उभा केलेला प्रश्न मोलाचा आहे.

संगणकात मेमरी मागतानाही हाच प्रश्न उभा राहतो. सी भाषेत ‘मॅलॉक’ हा मेमरीतील जागा मागण्याचा आदेश असून तो मिळालेल्या जागेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, परत देतो. शून्य बाइट मागितल्यास काय द्यावे, याचा निर्णय १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने प्रणाली घडवणाऱ्यांवर सोपवला: एकतर ‘नल’ हा रिक्त पत्ता द्यावा, किंवा वापरता न येणारा पण स्वतंत्र पत्ता द्यावा. ‘नल’ हीच जागा संपल्याचीही खूण असल्याने पहिल्या पर्यायात अपयश आणि रिकामी यादी यांतला भेद नाहीसा होतो, म्हणून दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा मानावा लागतो. जीलिबसी हा सी भाषेतील आदेशांचा संच अशा मागणीला छोटा तुकडा देतो; लिनक्सच्या गाभ्याने २००७ मध्ये याहून नेमका मार्ग काढला, ज्यात अशा प्रत्येक मागणीला १६ हा एकच ठरावीक पत्ता मिळतो, तो ‘नल’ नसतो, परत करताना निमूट स्वीकारला जातो, पण त्यावर वाचन-लेखन करू पाहिल्यास तत्काळ दोष उघड होतो.

मिळालेल्या जागेचा आकार बदलणाऱ्या ‘रीॲलॉक’बाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. नवा आकार शून्य सांगितला की जुनी जागा सोडायची की शून्य आकाराची नवी द्यायची, याची उत्तरे प्रणालीगणिक वेगळी राहिली, आणि अखेर सी-२३ या आवृत्तीने अशा मागणीचे वर्तन अपरिभाषित (अनडिफाइन्ड) ठरवले. त्यामुळे जागा सोडायची असल्यास ‘फ्री’ हा आदेश वेगळा देणे आता अपरिहार्य झाले आहे.