मुंबईच्या टांकसाळीतला चांदीचा डॉलर : खरा की खोटा?

बदलापूर परिसरात, मांजर्लीसारख्या जुन्या वस्तीच्या गावांत, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात राणीच्या छापाचा रुपया मांडण्याची प्रथा अनेक घरांनी जपली आहे. हा रुपया पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेला असल्याने त्याची पारख घरातील वडीलधाऱ्यांना असते. चांदीच्या जुन्या डॉलरची गोष्ट निराळी आहे. तो फारसा कुणी पाहिलेला नसतो आणि त्यामुळेच त्याच्या नावावर बनावट नाणे खपविणे सोपे जाते.

असा एक डॉलर खुद्द मुंबईत पाडला जात असे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८९३ मध्ये हिंदुस्थानातील टांकसाळी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देण्यास बंद झाल्या. पुढे १८९५ पासून फोर्टमधील टांकसाळीत सिंगापूर, हाँगकाँग व चीनच्या व्यापारासाठी ‘ब्रिटिश ट्रेड डॉलर’ पाडण्यास आरंभ झाला. काही वर्षांचे खंड वगळता १९३५ पर्यंत तो निघत राहिला आणि १९३७ मध्ये चलनातून बाद झाला.

खऱ्या नाण्याची लक्षणे

खऱ्या डॉलरचे वजन २६.९६ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर आणि चांदीचे प्रमाण ९० टक्के असते. त्यावर राजा किंवा राणीचा मुखवटा नसतो. एका बाजूस त्रिशूळ व ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, मागे शिडाचे जहाज, इंग्रजीत ‘वन डॉलर’ ही अक्षरे आणि वर्ष असते. दुसऱ्या बाजूस मध्यभागी दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह असून चिनी व मलय लिपींत किंमत लिहिलेली असते. मुंबईच्या नाण्यावर त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ कोरलेला असतो; तो पाहण्यास भिंग लागते. १९०५, १९०६ आणि १९१४ ते १९२० या वर्षांचे डॉलर पाडलेच गेले नव्हते. यांपैकी एखादे वर्ष नाण्यावर असेल तर पुढील तपासणीची गरजच उरत नाही.

चिनी व्यापारी नाणे पारखून त्यावर आपला छोटा ठसा मारीत. असा ठसा म्हणजे दोष नव्हे. मात्र तो खरेपणाचा पुरावाही नव्हे, कारण बनावट नाण्यांवरही ठसे मारले जातात.

नजर फसते, वजन फसत नाही

साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि कडेवर कधी कधी सांध्याची रेघ आढळते. दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा असेल तर ती एकाच साच्यातून निघालेली समजावीत. मुलामा दिलेल्या नाण्याच्या झिजलेल्या उंचवट्यांवर पिवळी वा तांबूस झाक दिसते.

लोहचुंबकावर विसंबून राहू नये. चुंबकास चिकटणारे नाणे चांदीचे नसते हे खरे. पण पितळ, तांबे आणि जर्मन सिल्व्हरही चुंबकास चिकटत नाहीत.

सर्वांत भरवशाची कसोटी पाण्याची. सराफाच्या काट्यावर प्रथम नाण्याचे वजन करावे. नंतर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला वा बाजूंना न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. खऱ्या डॉलरला काटा सुमारे २.६ ग्रॅम दाखवतो. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हरचे नाणे अधिक जागा व्यापत असल्याने काटा ३.१ ग्रॅमच्या आसपास जातो. राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. पाण्यात तो सुमारे १.१ ग्रॅम दाखवतो. १९४० ते १९४५ या काळातील रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यामुळे त्यांना हा आकडा लावू नये.

शुद्धता तपासणाऱ्या यंत्राचा उपयोग होतो. परंतु ते केवळ पृष्ठभाग वाचते. जाड मुलाम्याखालचा धातू त्यास दिसेलच असे नाही. नाणे कानशीने घासणे किंवा आम्लाने धुणे टाळावे. नाणे खरे निघाले तरी त्याचे संग्राहकी मोल घटते.

नमुना खरा, थैली खोटी

‘खोदकामात हंडा सापडला’ असे सांगून नाणी विकणाऱ्यांची रीत ठरलेली असते. पहिली एक-दोन नाणी खरी दिली जातात. गिऱ्हाईक ती सराफाकडे दाखवून निश्चिंत होते आणि साठविलेली पुंजी देऊन उरलेली थैली घेते. थैलीतील नाणी मात्र खोटी निघतात. म्हणून नमुन्यावर व्यवहार करू नये. प्रत्येक नाणे स्वतंत्रपणे तोलावे.

हंड्याची कथा खरी असली तरी व्यवहार निर्धोक ठरत नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. फसवणूक झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार करता येते. ‘आज रात्रीच घ्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ असा आग्रह विक्रेत्याने धरला, तर काटा बाहेर काढण्याचीही आवश्यकता नाही. खरे नाणे एका दिवसाच्या तपासणीने खोटे होत नाही.