तळ्यातला मासा आणि रानातला पाला

सह्याद्रीच्या पट्ट्यातले गेळफळ पुष्कळांना ठाऊक असेल. वैद्य म्हणेल, हे तर मदनफळ, ओकारी काढण्याचे औषध. नदीकाठचा जुना माणूस म्हणेल, अहो, हे कुटून डोहात टाकले की मासे पोट वर करून तरंगतात! दोघेही खरेच बोलतात. हिंगणबेटाचीही गोष्ट तीच. त्यांतील फेसाळ द्रव्य माशाच्या कल्ल्यांना बाधते. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्याने पाण्यात विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले, ते उगाच नव्हे.

म्हणजे वनस्पतीची आणि माशाची ओळख आपल्याकडे आधी वैरातून झाली. औषधाची गोष्ट पुष्कळ नंतरची.

मासे पोसण्याचा विचार मात्र जुना आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे; त्यात माशांच्या जाती आणि त्यांना घालावयाचा चारा सांगितला आहे. पण तो राजाचा छंद झाला. शेतकऱ्याच्या हाती हा धंदा आला तो १९५७ नंतर. त्या वर्षी हिरालाल चौधरी यांनी माशाच्या डोक्यातील ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांची वीण करवली. तोवर बीजासाठी नदीकडे पाहावे लागे. आता ते हुकमी मिळू लागले. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था निघाली. पुढे अवर्षणी नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, शेततळी झाली आणि कित्येकांनी त्यांत कटला-रोहू सोडले.

थोड्या पाण्यात दाटी झाली की रोग आलाच. एरोमोनास नावाचे जंतू पाण्यात असतातच. मासा अशक्त झाला की अंगावर व्रण पडतात, पोट फुगते. त्यावर प्रतिजैविके आली. पण वारेमाप वापराने जंतूच निगरगट्ट होऊ लागले. म्हणून शास्त्रज्ञ लसूण, हळद, कडुनिंब, तुळस यांच्या अर्कांकडे वळले. काचेच्या बशीत जंतूंच्या थरावर अर्काची चकती ठेवली की भोवती स्वच्छ वर्तुळ पडते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

मग टाकावी का बादलीभर निंबाची पाने उकळून? थांबा, थोडा हिशेब करू. तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल धरा. काठाचा उतार सोडला तर पाणी २७ लाख लिटर. १५ लिटरची बादली त्यात १ लाख ८० हजार पट पातळ होते! बरे, जास्त ओतावे, तर कडुनिंबाचा तीव्र अर्क माशालाच मारतो. म्हणून अर्क बहुधा खाद्यातून, मोजून देतात. त्यातही मेख आहे. आजारी मासा खायचेच सोडतो. तेव्हा हा उपाय रोग येण्याआधी अंगात जोर भरण्याचा. आलेला रोग हमखास बरा करण्याचा नव्हे.

शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. शेतकरी बंधूंनी दाटी कमी ठेवावी, पाणी निर्मळ राखावे, आणि मासे मरू लागले तर पाला तोडण्याआधी मत्स्य अधिकाऱ्याला गाठावे. गेळफळाने आपल्या आजोबांना जे शिकवले तेच खरे: पाला एकच, औषध की विष हे मात्र मापाने ठरते.