शौर्यपदक, पेन्शन आणि मामांचा पत्र्याचा डबा

मे महिन्यात चार दिवस आजोळी जाऊन आलो. माझं आजोळ निपाणीजवळ. फोंड्याहून निघायचं, चोर्ला घाट चढायचा, बेळगावला उतरून चहा घ्यायचा आणि कोल्हापूरच्या दिशेला जाणारी मिळेल ती गाडी पकडायची. निपाणी जवळ आली की पूर्वी वखारीतल्या तंबाखूचा उग्र वास यायचा. आता तो तेवढा येत नाही, की माझंच नाक सरकारी फायलींच्या धुळीने बोथट झालंय, कोण जाणे!

मी इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि पोटासाठी गोवा सरकारात कारकून झालो. सध्या माझ्या टेबलावर पेन्शनची प्रकरणं असतात. ही बातमी आजोळी कधीच पोचलेली आहे. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मामांनी माळ्यावरून पत्र्याचा एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"तू पेन्शनीचं बगतोस न्हवं? मग आता हे बी बग."

डब्यात माझ्या आजोबांची पदकं होती. दोन तारे, एक गोल पदक, फिती पार विटलेल्या, आणि तळाशी चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद. आजोबा बेळगावला भरती झाले होते. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतून ते इटलीत गेले, १९४६ साली परत आले आणि उरलेलं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं. नोकरी जेमतेम पाच वर्षांची. शिपायाला पेन्शन मिळायला पंधरा वर्षांची सेवा लागते, म्हणून सुटताना थोडी रक्कम हातावर पडली ती पडली, पेन्शन काही मिळाली नाही.

आता मामांना कोणीतरी सांगितलं होतं की शौर्यपदक असलं तर दरमहा वेगळे पैसे मिळतात, अगदी मागच्यांनाही. मामांनी दोन ठिकाणी चकरा मारल्या. एका कार्यालयात म्हणाले, तुमचं गाव आमच्या राज्यात नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, मराठी कागद इथे चालणार नाहीत. सीमाभागातल्या माणसाला या दोन्ही वाक्यांची सवय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मामांचं घर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून कुठलाही अर्ज कुठल्या दारात टाकायचा हा प्रश्न त्यांच्या पाठीमागे लागला आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ ला गेला, बेळगावचं सरकारी नाव २०१४ ला बेळगावी झालं. घर आहे तिथेच आहे.

तर मंडळी, मामांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथे लिहितो. आपल्यापैकी कितीतरी घरांत असा एखादा डबा असेल.

शौर्याला पैसे जोडण्याची पद्धत आपल्याकडे बरीच जुनी. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' सुरू केलं. व्हिक्टोरिया क्रॉस आला १८५६ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. कंपनीच्या या पदकाचे तीन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाला पगाराचा एक तृतीयांश जादा, दुसऱ्याला दोन तृतीयांश आणि पहिल्याला पगाराइतकीच रक्कम वर. खालचा वर्ग मिळवल्याशिवाय वरचा मिळत नसे, म्हणजे पहिल्या वर्गासाठी मरणाच्या तोंडात तीनदा जाऊन यायचं. त्या काळी पायदळातल्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. एक तृतीयांश म्हणजे दोन रुपये पाच आणे चार पै. कारकून असल्यामुळे हा हिशेब केल्याशिवाय मला राहवलं नाही. आज ही रक्कम हसण्यासारखी वाटते, पण सात रुपयांत घर चालवणाऱ्याला ती मोठी होती. शिवाय निवृत्तीनंतरही ती चालू राही.

त्याच १८३७ साली देशी अधिकाऱ्यांसाठी 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' निघालं. पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर' ही पदवी आणि रोज दोन रुपये, दुसऱ्या वर्गाला 'बहादूर' आणि रोज एक रुपया. पण हे दीर्घ आणि निष्ठावंत नोकरीसाठी होतं, एखाद्या धाडसासाठी नव्हे. नोकरीचा मोबदला वेगळा आणि शौर्याचा वेगळा, हा भेद तेव्हापासूनचा आहे. मामांच्या प्रश्नाची मेखही तिथेच आहे.

व्हिक्टोरिया क्रॉसलाही पैसे होते. वर्षाला दहा पौंड, तेसुद्धा अधिकारी नसलेल्यांनाच. हिंदी शिपायाला हा क्रॉस मिळूच शकत नसे. ते दार १९११ साली उघडलं. त्यानंतर ऑर्डर ऑफ मेरिटचा पहिला वर्ग बंद झाला, कारण त्याची जागा आता क्रॉसने घेतली होती. पहिल्या महायुद्धानंतर 'जंगी इनाम' नावाचाही एक प्रकार आला. ही रक्कम दोन पिढ्यांना मिळे, आधी शिपायाला आणि त्याच्यामागे वारसाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. तेव्हा वाटायचं की जंगी म्हणजे खूप मोठं!

बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज हा सगळा पट्टा पिढ्यान् पिढ्या तिथे भरतीला जात आला आहे. या रेजिमेंटला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत.

पहिला नाईक यशवंत घाडगे यांचा. हे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे जण एका मशीनगनपुढे पडले. घाडगे एकटेच त्या गनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं. जिंकलेल्या त्याच ठाण्यात शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघं बावीस. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं.

घाडग्यांची पलटण तिसरी. हीच पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये 'दुसरी पॅरा मराठा' म्हणून बेळगावकडून गोव्यात उतरली ती आमच्या फोंड्यावरून. माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. हिरव्या गाड्यांतून आलेले शिपाई आपल्यासारखंच बोलतात याचं त्यांना मोठं नवल वाटलं होतं. गोवामुक्तीची ही आठवण सांगताना वडिलांना त्या पलटणीचा आधीचा इतिहास ठाऊक नव्हता. मलाही तो या डब्यामुळेच कळला.

दुसरा क्रॉस शिपाई नामदेव जाधव यांचा, मूळ अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित जागी नेलं, मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. ही पलटण पहिली, म्हणजे माझ्या आजोबांची.

हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आबा एवढंच म्हणायचं, नदी वलांडली. मम्होरं काय सांगायचंच न्हाई."

स्वातंत्र्यानंतर परमवीर, महावीर आणि वीरचक्र ही पदकं २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. परमवीरचक्राची आकृती काढली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी, जन्माने युरोपीय आणि लग्नाने मराठी. हयातीत परमवीरचक्र मिळालेले पहिले वीर म्हणजे कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे, गोव्याच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावरचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर, मांडीला जखम झालेली असताना, त्यांनी रणगाड्यांपुढचे सुरुंग आणि अडथळे दूर केले.

आजचा नियम असा. शौर्यपदकाबरोबर मिळते ती पेन्शन नव्हे, तो मासिक भत्ता. पेन्शन नोकरीच्या वर्षांवर आणि पगारावर ठरते, भत्ता पदकावर ठरतो. म्हणूनच जवान असो वा कर्नल, एका पदकाला रक्कम एकच. १ ऑगस्ट २०१७ पासून या रकमा दुप्पट झाल्या, तेव्हाचे आकडे असे होते. परमवीरचक्र २०,००० रुपये, अशोकचक्र १२,०००, महावीरचक्र १०,०००, कीर्तिचक्र ९,०००, वीरचक्र ७,०००, शौर्यचक्र ६,००० आणि शौर्यासाठी मिळालेलं सेना पदक २,०००. वीराच्या मागे हा भत्ता पत्नीला मिळतो. अविवाहित वीराला मरणोत्तर पदक मिळालं तर आईवडिलांना.

यातली एक अट मी दोनदा वाचली. विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिचा भत्ता बंद होई, पण लग्न दिराशी केलं तर चालू राही! नोव्हेंबर २०१७ मध्ये ही दिराची अट काढून टाकण्यात आली. नवऱ्याच्या शौर्याचा मान बाईने कुणाशी संसार करायचा यावर इतकी वर्षं टांगून ठेवला होता, आणि तो टांगणारा माझ्यासारखाच कुणी कारकून असणार.

हा भत्ता दिल्लीचा असल्यामुळे त्याला सीमा नाही. निपाणीत राहा नाहीतर कागलात, रक्कम तीच. राज्यं आपापल्या वीरांना जी बक्षिसं देतात, त्यांत मात्र रहिवास बघतात आणि आकडेही राज्याराज्यांत निराळे. पलटणीत हे असलं काही नसतं. नवव्या मराठा पलटणीचे कर्नल वसंत वेणुगोपाळ जन्माने बंगळूरचे. ३१ जुलै २००७ रोजी उरीजवळ आपल्या मराठी जवानांच्या पुढे राहून लढताना ते गेले, आणि त्यांना अशोकचक्र मिळालं. भाषेवरून आम्ही इकडे किती भांडतो, आणि तिकडे कानडी मुलखातला माणूस 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणणाऱ्यांचा पुढारी होता.

आता डब्याकडे येतो. तीन पदकं मी लिंबाच्या फोडीने नाही, नुसत्या कोरड्या फडक्याने पुसली (जुनी पदकं कधी घासू नका, झीज होते). १९३९-४५ चा तारा, इटलीचा तारा आणि वॉर मेडल. तिन्ही मोहिमेची पदकं. त्या काळात त्या मुलखात जो जो होता त्याला ती मिळाली. त्यांच्यावर भत्ता नाही. १९६५ चं समर सेवा पदक असो की १९७१ चं संग्राम पदक, त्यांचंही तेच. छातीवर पदकांची रांग असलेला म्हातारा सैनिक पाहून लोकांना वाटतं याला केवढे पैसे मिळत असतील. बहुतेक वेळा काहीच मिळत नसतात.

पण वॉर मेडलच्या फितीवर एक लहानसं कांस्याचं पान टाचलेलं होतं. ओक झाडाचं. मामांना वाटलं होतं ती शोभेची पिन. तो चार घड्यांचा कागद उलगडला आणि उलगडा झाला. आजोबांचं नाव सेनापतीने राजाकडे पाठवलेल्या खलित्यात नोंदलं गेलं होतं, इटलीतल्या उल्लेखनीय कामगिरीबद्दल. घरात सगळे त्याला सुटकेचा दाखला समजत होते. राण्यांच्या नावावरही परमवीरचक्राखेरीज असे उल्लेख आहेत. म्हणजे शौर्य मान्य झालं होतं, पण पदकाच्या पायरीपर्यंत ते पोचलं नाही. या पानावर दिल्लीचा मासिक भत्ता मिळत नाही. आणि त्या कागदावर कामगिरी काय होती हे लिहिलेलं नसतं. आजोबांनी त्या नदीवर काय केलं ते आता कोणालाच कळायचं नाही.

मामांना हे सांगणं मला जड गेलं. कार्यालयात मी रोज 'नियमात बसत नाही' लिहितो, तेव्हा समोर मामा नसतात. मी म्हटलं, "मामा, तुमचा हक्क होत नाही. कुठल्याच राज्यात नाही. एजंटाला पैसे देऊ नका."

मामा पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "पैसं न्हाईत तर न्हाईत. पर आबाचं नाव राजापतूर गेलं हुतं, हे खरं न्हवं?"

"खरं, मामा."

"मग तेवढं मराठीत लिवून दे. फोटोखाली लावतो."

लिहून दिलं. चार ओळी, हाताने, माझ्या बऱ्यापैकी अक्षरात. आजवर टेबलावर एवढ्या टिपण्या लिहिल्या, पण सही करताना हात थोडा कापला तो याच कागदावर.

तुमच्या घरी असा डबा असेल तर उघडून बघा. फितीवर छोटं पान आहे का तेही बघा.